प्रयोग तिच्या हातून व्हावा यासाठी

प्रयोगशाळेत एका टेबलाभोवती उभ्या असलेल्या चार विद्यार्थ्यांच्या गटाकडे दहा मिनिटे शांतपणे पाहावे आणि लक्ष फक्त त्यांच्या हातांवर ठेवावे. तारा जोडणारे, भिंग सरकवणारे आणि स्टॉपवॉच दाबणारे हात बहुतेक वेळा मुलांचे असतात, तर वही आणि पट्टी मुलीकडे असते, कारण तिचे अक्षर चांगले असते, तिच्या नोंदी नीटनेटक्या असतात आणि गटाने न बोलताच ते काम तिच्याकडे सोपवलेले असते. तास संपतो तेव्हा प्रयोग झालेला असतो, निष्कर्ष बरोबर आलेला असतो आणि चौघांनाही सारखे गुण मिळतात. त्या मुलीने मात्र तारेचे एक टोकही स्वतः घासलेले नसते. तिने दुसऱ्याची कृती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेली असते.

अनेक वर्षे सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रयोग करताना माझे असे ठाम मत झाले आहे की, मुलींना विज्ञानाची गोडी लावण्याचा प्रश्न हा बऱ्याच अंशी उपकरण कोणाच्या हातात आहे याचा प्रश्न आहे. पाचवी ते आठवीच्या प्रयोगप्रधान वर्गांचा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या वर्गांमध्ये शिकवण्याची पद्धत उत्तम मानली जात होती, तरीही उपकरणे हाताळण्यात मुले पुढे होती आणि वर्षाच्या अखेरीस मुलींचा विज्ञानातील स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कमी झालेला आढळला. म्हणजे केवळ प्रयोग ठेवल्याने काम भागत नाही. पुढे जे लिहिले आहे ते शिक्षक, पालक आणि विज्ञान मंडळ चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

आधी मोजणी करावी

बदल करण्यापूर्वी सध्या काय घडते आहे हे स्वतः मोजून पाहावे. एका कागदावर गटातील विद्यार्थ्यांची नावे लिहावीत आणि तास सुरू झाल्यावर दर दोन मिनिटांनी त्या क्षणी उपकरणाला कोणाचा हात लागलेला आहे, त्याच्या नावापुढे एक खूण करावी. चाळीस मिनिटांत वीस खुणा होतात. या कागदाची चर्चा वर्गात करू नये आणि कोणाला दोषही देऊ नये, कारण तो आपल्या माहितीसाठी आहे. मी पहिल्यांदा असा कागद भरला तेव्हा आपल्या वर्गात सर्वांना समान संधी मिळते अशी माझी पक्की समजूत होती. त्या वीस खुणांपैकी मुलींच्या नावापुढे फक्त तीन होत्या.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला स्वतःचीही नोंद ठेवावी. आपण ‘असे का होते’ हे कोणाला समजावून सांगतो आणि कोणाला फक्त ‘छान’ म्हणून पुढे जातो, हे तपासण्यासारखे असते. विज्ञान संग्रहालयात लहान मुलांबरोबर आलेल्या पालकांचे निरीक्षण करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, मांडलेल्या वस्तूमागचे कारण पालक मुलींच्या तुलनेत मुलांना सुमारे तिप्पट वेळा समजावून सांगतात, असे आढळले होते. ते पालक मुद्दाम भेदभाव करत नव्हते. आपणही करत नसतो, आणि म्हणूनच कागदावर मोजण्याची गरज पडते.

गट, वाटणी आणि मोठ्यांचे हात

प्रत्येकीला स्वतंत्र साहित्य देता आले तर त्यासारखे उत्तम काही नाही. ते शक्य नसेल तर दोघींची जोडी करावी. चारांचा गट हा साहित्य वाचवण्याचा मार्ग आहे, पण शिकण्याच्या दृष्टीने तो सर्वांत कमजोर आहे. चारांचेच गट करावे लागले तर काम ठरलेल्या वेळाने फिरते ठेवावे: दर आठ मिनिटांनी उपकरण हाताळणारी व्यक्ती, वेळ मोजणारी व्यक्ती आणि लिहिणारी व्यक्ती बदलावी. हे सुरुवातीला कृत्रिम आणि कंटाळवाणे वाटते, विद्यार्थी कुरकुरही करतात, परंतु दोन-तीन आठवड्यांत ते अंगवळणी पडते. नोंद प्रत्येकाने आपापल्या वहीत करावी, म्हणजे ‘अक्षर चांगले’ असलेल्या मुलीवर ते काम आपोआप जाऊन पडत नाही. प्रयोगानंतरची आवराआवर आणि भांडी धुणेही याच फेऱ्यांमध्ये बसवावे. ते फक्त मुलींकडे जाऊ लागले तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते.

मुलींचे वेगळे गट करावेत का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कायमचे वेगळे गट मला योग्य वाटत नाहीत, पण एखादे नवे साधन पहिल्यांदा हातात घेताना, उदाहरणार्थ मल्टीमीटर किंवा सूक्ष्मदर्शक, पहिले एक-दोन तास फक्त मुलींच्या जोड्या ठेवल्या तर त्यांना चुकत-माकत शिकण्यासाठी हवा असलेला निवांतपणा मिळतो. एकदा ते साधन हातात बसले की मिश्र गटात त्या सहसा मागे राहत नाहीत.

मोठ्या माणसांनी पाळायचा नियम एकच आहे, आणि तो पाळणे फार कठीण जाते: तिच्या हातातील वस्तू आपल्या हातात घ्यायची नाही. तार निसटते आहे, मेणबत्ती वाकडी लागली आहे, वेळ संपत आली आहे, अशा वेळी आपला हात आपोआप पुढे जातो. मी अशा वेळी हात पाठीमागे बांधून उभा राहतो. दाखवणे अगदी आवश्यक असेल तर दुसरा संच घ्यावा, त्यावर दाखवावे आणि ते पुन्हा उलगडून ठेवावे, म्हणजे तिचे काम तिच्याकडेच राहते.

कोणता प्रयोग निवडावा

ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात छापलेले आहे तो प्रयोग म्हणजे केवळ पडताळणी असते. या वयाला असा प्रयोग द्यावा की ज्यात अंदाज बांधावा लागतो, तो चुकू शकतो आणि चूक कुठे झाली हे प्रयोग करणारीला स्वतःला शोधता येते. साधा लंबक या कसोटीला पुरेपूर उतरतो आणि त्यासाठी दोरा, तीन-चार लोखंडी नट, मोजपट्टी आणि घड्याळ एवढेच लागते.

सुरुवातीला फक्त एक प्रश्न द्यावा: लंबकाला एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ कशाने बदलतो? जवळजवळ सर्वजणी वजनावर बोट ठेवतात. काहीजणी म्हणतात की, जास्त लांबून सोडले तर जास्त वेळ लागेल. हे सगळे अंदाज प्रत्येकीने आपल्या वहीत, प्रयोगाआधी, पेनने लिहावेत. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दहा दोलनांचा वेळ मोजायचा; एकदा जाऊन परत येणे म्हणजे एक दोलन. दोरा लहान कोनातून सोडला तर वजन वाढवून काहीही बदलत नाही, आणि हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा अविश्वास मोलाचा असतो. त्या पुन्हा मोजतात, आणखी एक नट लावतात, पुन्हा मोजतात. इथे एक खुबी आहे. नट एकाखाली एक लटकवले तर वजनाचा मध्य खाली सरकतो, लंबकाची लांबी वाढते आणि वेळ खरोखरच वाढतो. एखाद्या जोडीच्या बाबतीत असे झाले तर लगेच चूक दाखवू नये. त्यांच्या आकड्यांची शेजारच्या जोडीच्या आकड्यांशी तुलना करायला सांगावी.

लांबीचा परिणाम मात्र अगदी स्पष्ट दिसतो. आधाराच्या बिंदूपासून वजनाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवले तर दोलनकाल सुमारे एक सेकंद येतो आणि १०० सेंटिमीटर ठेवले तर सुमारे दोन सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. हे गणित आधी सांगून टाकण्याचा मोह आवरावा, कारण २५, ५० आणि १०० सेंटिमीटरचे आकडे एकाखाली एक लिहिल्यावर ‘लांबी दुप्पट केली, पण वेळ दुप्पट का झाला नाही?’ हा प्रश्न त्यांच्यापैकीच कोणीतरी विचारते.

एका रविवारी दोन जोड्यांनी एक मीटर लांबीच्या लंबकाची दहा दोलने मोजली. एका जोडीला २० सेकंद मिळाले आणि दुसरीला १८. दोन्ही जोड्यांनी दोरा पुन्हा मोजला, तो बरोबर होता. घड्याळे बदलून पाहिली, तरी फरक तसाच राहिला. सातवीतील एक मुलगी, जी एरवी वर्गात फारशी बोलत नसे, शेजारच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तुम्ही मोठ्याने मोजा ना, मला ऐकू दे.” त्यांनी लंबक सोडला आणि सोडतानाच ‘एक’ म्हटले. ती क्षणभर थांबली, मग तिने बोटांवर काहीतरी मोजले आणि ओरडलीच, “अगं, तुम्ही सोडताना एक म्हणताय! तेव्हा तर काहीच झालेलं नसतं. शून्य म्हणायला हवं.” दहापर्यंत मोजूनही त्यांची दोलने नऊच भरत होती. मला ती चूक पहिल्या मिनिटात कळली होती आणि सांगायला अर्धे वाक्य पुरले असते. ती अकरा मिनिटे गप्प राहिलो याचे मला आजही समाधान वाटते.

फसलेला प्रयोग

या वयातील अनेक मुलींना ‘हुशार’ आणि ‘गुणी’ म्हणवून घेण्याची सवय लागलेली असते, आणि त्यामुळे न जमलेली गोष्ट त्या आपल्या कुवतीचा पुरावा समजतात. म्हणून पहिल्या फटक्यात सहसा न जमणारा एक प्रयोग महिन्यातून एकदा तरी असावा. छोटी विद्युत मोटार हा माझा आवडता प्रयोग आहे. इनॅमलचा थर असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे करायचे, त्याची दोन्ही टोके दोन सेफ्टी पिनांच्या भोकांतून ओवायची, पिना १.५ व्होल्टच्या घटाच्या दोन टोकांना चिकटवायच्या आणि वेटोळ्याखाली चुंबक ठेवायचा. सारी मेख टोके घासण्यात आहे. एका टोकावरचा थर पूर्ण काढायचा आणि दुसऱ्या टोकावरचा फक्त अर्ध्या बाजूने. थर कुठेच नीट निघाला नाही तर वीज वाहत नाही आणि वेटोळे ढिम्म राहते. दोन्ही टोके पूर्ण घासली तर अर्ध्या फेरीत मिळालेला रेटा उरलेल्या अर्ध्या फेरीत उलटा होतो आणि वेटोळे फिरण्याऐवजी नुसते डुलत राहते. अर्ध्या घासलेल्या टोकामुळे त्या उलट्या रेट्याच्या वेळी वीज तुटते आणि वेटोळे आपल्या गतीने पुढे सरकते.

मोटार फिरली नाही की मुली आपल्याकडे पाहतात. तेव्हा ‘जमेल गं तुला’ असे म्हणण्यात जिव्हाळा असतो, पण उपयोग नसतो. ‘वीज कुठपर्यंत पोहोचते आहे हे कसे तपासशील?’ असे विचारले तर तिला पुढचे पाऊल मिळते. ती बल्ब लावून पाहते, टोक पुन्हा घासते, वेटोळ्याचा तोल साधते. वहीत ‘मोटार चालली नाही’ एवढेच न लिहिता कोणता बदल केल्यावर काय झाले हे क्रमाने लिहायला सांगावे. वेटोळे फिरत नसताना घट जोडलेला ठेवला तर तार आणि घट दोन्ही तापतात, म्हणून दर काही सेकंदांनी जोडणी सोडण्याची सवय पहिल्यापासून लावावी.

शब्दांचाही परिणाम होतो. चार ते नऊ वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, ‘आज आपण शास्त्रज्ञ होऊ’ असे सांगितलेल्या मुलींपेक्षा ‘आज आपण विज्ञान करू’ असे सांगितलेल्या मुली खेळात जास्त वेळ टिकून राहिल्या. शास्त्रज्ञ ही एक विशिष्ट प्रकारची व्यक्ती असते असे मनात बसले की, आपण तशा आहोत का, ही शंका येते. करण्याच्या गोष्टीबाबत अशी शंका येण्याचे कारण उरत नाही. थोड्या मोठ्या मुलींबाबतही हाच मार्ग मला योग्य वाटतो. ‘तू किती हुशार आहेस’ याऐवजी ‘तू तिसऱ्यांदा मोजलेस म्हणून फरक सापडला’ असे सांगावे. आणि ‘मला गणित कधी जमलेच नाही’ हे वाक्य आई, मावशी किंवा शिक्षिकेने मुलीसमोर हसत हसतसुद्धा बोलू नये.

हत्यारे आणि सुरक्षितता

पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, करवत, सोल्डरिंगची लेखणी यांच्याबाबत मुली बिचकतात तेव्हा त्यामागे बहुधा एवढेच कारण असते की, ती हत्यारे आजवर त्यांच्या हातात कोणी दिलेली नसतात. वर्षाच्या सुरुवातीचे दोन तास फक्त बिघडलेल्या वस्तू उघडण्यासाठी ठेवावेत. सेलवर चालणारे बंद घड्याळ, खेळण्यातील मोटारगाडी, जुना टॉर्च यांसारख्या वस्तू चालतात. भिंतीतील विजेवर चालणारी उपकरणे, विशेषतः जुने दूरचित्रवाणी संच आणि मायक्रोवेव्ह, कधीही उघडायला देऊ नयेत, कारण बटण बंद करून प्लग काढल्यानंतरही त्यांच्यात धोकादायक विद्युतभार साठून राहू शकतो.

संरक्षक चष्मे आणि हातमोजे लहान मापाचे आणावेत. मोठ्यांच्या मापाचा चष्मा नाकावरून घसरत असेल तर मुलगी एका हाताने तो सावरते आणि दुसऱ्या हाताने काम करते, आणि मग ‘हिला नीट जमत नाही’ असा शेरा मिळतो. केस बांधलेले असावेत, सैल बाह्या दुमडलेल्या असाव्यात आणि हे नियम सर्वांना सारखे असावेत. एलईडीसाठी वापरले जाणारे बटणासारखे घट मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. लहान भावंडाने असा घट गिळला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. दिवसभराची निरीक्षण सहल आखताना स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून ठेवावी. ती नसेल तर या वयातील अनेक मुली येण्याचेच टाळतात आणि त्याचे कारण सांगतही नाहीत.

ज्यांनी हातांनी काम केले त्या स्त्रिया

वर्षाच्या पहिल्या तासाला कोणतीही प्रस्तावना न करता ‘शास्त्रज्ञाचे चित्र काढा’ असे सांगावे आणि ती चित्रे जपून ठेवावीत. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात ४,८०७ मुलांच्या चित्रांपैकी फक्त २८ चित्रांत स्त्री शास्त्रज्ञ होती आणि ती सर्व चित्रे मुलींनी काढलेली होती. तेव्हापासून हे प्रमाण बरेच सुधारले आहे, पण आपल्या वर्गाची स्थिती आपल्या वर्गाची चित्रेच सांगतात. वर्षाच्या अखेरीस तेच काम पुन्हा द्यावे.

भिंतीवर थोर स्त्रियांचे फोटो लावून फारसे साधत नाही. त्यांनी प्रत्यक्ष काय केले हे सांगावे आणि शक्य असेल तिथे ते करून पाहावे. १८६२ मध्ये जन्मलेल्या ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन स्त्रीला विद्यापीठात शिकता आले नाही, कारण त्या काळी तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. घर सांभाळता सांभाळता तिने पाण्याच्या पृष्ठभागाचा अभ्यास सुरू केला, पत्र्याचे एक पसरट भांडे आणि त्यावर सरकणारी पट्टी वापरून पृष्ठीय ताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसण्याची ओढ, मोजण्याची पद्धत बसवली आणि आपले निष्कर्ष ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले. ते पत्र त्यांच्या शिफारशीने १८९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापले गेले. ही हकिगत सांगून झाली की पसरट भांड्यात स्वच्छ पाणी घ्यावे, त्यावर शिवणाच्या बारीक दोऱ्याचे सैल कडे अलगद सोडावे आणि कड्याच्या आत साबणाने ओले केलेले काडीचे टोक टेकवावे. वेडेवाकडे पडलेले कडे क्षणात ताठ, गोल होते. आतला ताण कमी झाला आणि बाहेरच्या पाण्याने दोरा चारही बाजूंनी ओढला, हे मग मुली स्वतः बोलून दाखवतात.

खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांनी १९६७ मध्ये पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचा, पहिला संकेत टिपला, हे अनेकांना माहीत असते. त्याआधी दोन वर्षे त्या इतरांबरोबर खांब ठोकून आणि तारा जोडून ती रेडिओ दुर्बीण उभारत होत्या, आणि नंतर रोज सुमारे तीस मीटर कागदावर उमटणारा आलेख डोळ्यांखालून घालत होत्या, हे कोणी सांगत नाही. मुलींना हेच सांगावे. विज्ञानाच्या क्षेत्रात काम करणारी एखादी तरुणी भेटीला येणार असेल तर तिला भाषण न देता आपल्या कामातील एखादे साधन बरोबर आणण्याची आणि ते मुलींच्या हातात देण्याची विनंती करावी.

घरी आणि पुढे

घरात मुलीला विज्ञानासाठी दोन गोष्टी लागतात: पसारा तसाच ठेवता येईल असा एक कोपरा आणि कोणी कामाला हाक मारणार नाही अशी आठवड्यातील दोन सलग तासांची मोकळीक. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मिळ असते.

एक दिवसाचे विज्ञान शिबिर उत्साह देते, पण तो आठवडाभर टिकतो. त्यापेक्षा प्रत्येकीने स्वतःचा एक प्रश्न घेऊन सहा आठवडे काम करावे. प्रश्न लहान आणि मोजता येण्याजोगा हवा: खिडकीपासूनच्या अंतराने बियाण्याच्या उगवणीत किती फरक पडतो, कोणत्या कापडातून पाणी लवकर वाळते, मुंग्यांची वाट पुसली तर त्या किती वेळाने नवी शोधतात. दर आठवड्याला दहा मिनिटे तिच्या नोंदवहीवर बोलावे आणि प्रत्येक वेळी एवढेच विचारावे की आकडा कसा मिळाला आणि पुढे काय बदलून पाहणार आहेस. शेवटी मांडणी तिनेच करावी. तक्ता पालकांनी रंगवू नये. पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना ती अडखळली तर मध्ये बोलू नये.

साहित्य कुलूपबंद असेल तर कपाटाची किल्ली कोणाकडे असते हेही पाहावे. मी ती दर महिन्याला दोन विद्यार्थ्यांकडे सोपवतो, त्यांतील एक तरी मुलगी असते, आणि काय बाहेर गेले, काय परत आले याची नोंद ते दोघे ठेवतात. लंबकाची चूक शोधणारी ती मुलगी किल्ली मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत स्टॉपवॉच घेऊन गेली. परत करताना तिने नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिले होते: ‘दोऱ्याऐवजी रबर लावून पाहिले. वेळ दर वेळी वेगळा येतो. उद्या पुन्हा लागेल.’